एक माणूस काढायचा

६ जानेवारी

वहिनी,

गुरुवारी दुपारच्या खेळाला जाऊन आले. हॉल निम्मा रिकामा होता. तुझ्या खुर्चीवर पिशवी ठेवली. पायाशी जागा होती, तरी.

सिनेमा बरा आहे. समुद्रावर हरवलेला माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि बायको त्याला ओळखत नाही, एवढीच गोष्ट. तिला खरंच ओळख पटत नाही की तिनं न ओळखायचं ठरवलंय, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. ते आवडलं. नटी नवीन आहे; तिला डोळ्यांत पाणी न आणता गप्प बसता येतं. पार्श्वसंगीत आवडलं नाही. दार उघडलं की व्हायोलिन, आणि त्या घराला दारं फार.

आता कोणाला काढायचं?

दर सिनेमातून एक माणूस काढायचा आणि सिनेमा उभा राहतो का बघायचं, हा खेळ तू काढलास तेव्हा तू आमच्या घरात नवी होतीस. दादा आपल्या दोघींच्या मधल्या खुर्चीत घोरत होता. त्या दिवशी तू सिनेमातलं कोणी न काढता त्यालाच काढलंस. पुढच्या सिनेमापासून आपण दोघीच जायला लागलो. आता तू त्याला कागदोपत्रीही काढलंस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. घटस्फोट तुमचा आहे.

मी परत आलेल्या नवऱ्याला काढते. फक्त दारावरची थाप ठेवते. ती उघडते की नाही, यावर अख्खा सिनेमा चालेल.

एकच सिनेमा दोघींनी आपापल्या गावी बघायचा आणि दुसरीचं पत्र वाचायच्या आत आपलं लिहायचं, हा नियम; तेव्हा तुझं उत्तर एव्हाना निघालं असेल. नसेल तर हे वाचायच्या आत लिहायला हवं होतंस. फोनवर एक बोलते आणि दुसरी हं हं करते, म्हणून तर आपण पत्रांवर आलो.

दाढ काढल्याचं कळलं. दुखतंय का? डॉक्टरीणबाई रविवारी दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये लोकांना सिनेमे दाखवतात, हे लिहिलंस. ते बोलणं दाढ काढताना कसं झालं, ते नाही कळलं. तोंड उघडं असताना माणूस फक्त ऐकू शकतो.

१९ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं. समुद्रवाल्या सिनेमातून तू शिडीवाल्या शेजाऱ्याला काढलंस. हरकत नाही, तो काढण्यासारखाच आहे. पण कारण वाचलं. ‘तो कथानकाच्या गतीला अडथळा ठरतो.’

हे वाक्य तुझं नाही. तू लिहिलं असतंस, मेला सारखा शिडी घेऊन काय येतो, घरात जिना नाही का. पाळणाघरात दिवसभर पोरांची नाकं पुसणाऱ्या बाईला कथानकाची गती सुचत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही सुचत नाही. मी दिवसभर लोकांना गाडी शिकवते. मला गती म्हटलं की ब्रेकवरचा पाय आठवतो.

शिवाय खाली लिहिलंयस, ‘शेवट आम्हाला ताणलेला वाटला.’ आम्ही म्हणजे कोण? पाळणाघरातली मुलं धरून?

गेल्या गुरुवारचा सिनेमा खुनाचा. मोठ्या हॉटेलात लिफ्ट चालवणाऱ्याचा खून होतो आणि प्रत्येक मजल्यावर एक संशयित. खुनी कोण ते मला मध्यंतराआधीच कळलं, कारण सगळ्यांचे बूट चिखलानं भरले होते आणि एकाचे नव्हते. तरी शेवटपर्यंत बसले. कॅमेरा लिफ्टमधून क्वचितच बाहेर पडतो, ते छान जमलंय. दार उघडतं तेवढाच मजला दिसतो आणि लोक काय बोलत होते ते आपण तर्कानं भरायचं. अशा सिनेमांची मला गोडी वाटते. अर्धं ऐकलेलं बोलणं पुरं करायची सवयच आहे मला.

इन्स्पेक्टरला काढते. खुनी स्वतःच कंटाळून कबूल करेल.

पुढच्या खुर्च्यांवर दोन बायका होत्या. दिवे लागायच्या आतच बोलायला लागल्या. आपण जिना उतरून रस्ता ओलांडेपर्यंत बोलायचो नाही. लोकांना फार घाई असते.

दाढेची जागा भरली असेल आता. परत दाखवायला जावं लागतं का? बऱ्याचदा जावं लागत नाही, असं ऐकलंय.

४ फेब्रुवारी

माझं पत्र तू तिला, त्या डॉक्टरीणबाईला, वाचून दाखवलंस.

‘फार हसल्या’ असं लिहिलंस, मला आनंद होईल या समजुतीनं. कुठल्या वाक्याला हसली? बुटांच्या की नाक पुसण्याच्या? दुसरं वाचून दाखवलं असशील तर त्याच्या खालचंही वाचलं असशील. म्हणजे ‘आम्ही म्हणजे कोण’ हे तू ‘आम्ही’समोर मोठ्यानं वाचलंस.

आणि तिचं मतही कळवलंस. ‘तुझ्या त्या पत्रवाल्या बाई धारदार लिहितात, पण एकांगी.’ एकांगी असेन. एकाच माणसासाठी लिहिते, मग किती अंगं असणार?

पण मला टोचलं ते एकांगी नव्हे. पत्रवाल्या बाई. म्हणजे मी तुझी कोण, हे तू तिला सांगितलेलंच नाहीस. ज्या माणसाकडे तू चहाला, सिनेमाला, दाताला जातेस त्याला तू माझी पत्रं वाचून दाखवतेस आणि ती कोणाची ते सांगत नाहीस. पेपरात जाहिरात येते तशी माझी पत्रं येतात का तुला?

परवा दादाच्या हातात तुझं पाकीट पडलं. तो जेवायला खाली आला होता. उलटंपालटं करून त्यानं ते ताटाशेजारी ठेवलं.

“अजून चालू आहे का हे?”

“काय हे?”

“पत्रं. तिचं तुझ्याशी आता नातं काय?”

मी म्हटलं, “तुझं संपलं ना? मग माझ्यात पडू नकोस.”

“बरं बाई,” म्हणाला आणि जेवला. त्याला भांडायला लावणं किती कठीण आहे, तुला माहीतच आहे. पण प्रश्न त्यानं ताटाशेजारी ठेवला तो तिथेच राहिला. मी ताट उचललं, तो उचलता आला नाही.

या आठवड्यात सिनेमा पाहिला नाही. पाहिला होता, पण सांगणार नाही. दोघींना कशाला सांगू?

२० फेब्रुवारी

वहिनी,

रागावून लिहिलं, त्यावर तू चार पानं समजुतीची लिहिलीस. वाचली. यापुढे माझं पत्र तुझ्याजवळच राहील, हे लिहिलंस तेही वाचलं. विषय संपला.

आता शिंप्याचा सिनेमा. तुला पाहायला मिळाला असेलच, सगळीकडे लागलाय म्हणे. मी गुरुवारी इथेच पाहिला, दुपारी, नेहमीच्या जागेवरून. रविवारी दिवसभर घरीच होते.

वहिनी, बऱ्याच दिवसांत असा सिनेमा पाहिला नव्हता. म्हातारा शिंपी, त्याच्या हाताखाली निम्मं आयुष्य काढलेला कारागीर, आणि एक दिवस कारागीर रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटतो. बस. मारामारी नाही, कोर्ट नाही, कोणी कोणाच्या दुकानाला आग लावत नाही. म्हातारा दिवसभर मशीनवर बसून काचेतून पलीकडे बघतो. पलीकडे दिवा लागला की हाही लावतो. पलीकडे गिऱ्हाईक आलं की याचा पाय मशीनवर थांबतो. नटानं पाठ वापरून काम केलंय, चेहरा जवळजवळ नाहीच. पाठीवरून माणूस इतका वाचता येतो, हे मला नवीन नाही. पण सिनेमावाल्यांना कळलं, याचं नवल वाटलं.

आणि तो प्रसंग. म्हातारा रस्ता ओलांडून पलीकडे जातो आणि गिऱ्हाइकासारखा उभा राहतो. ‘कोट शिवायचाय.’ कारागीर फीत काढतो. खांदा, छाती, बाही. याच माणसानं त्याला फीत धरायला शिकवलेली, आणि आता तो याच्या काखेखालून फीत फिरवतोय. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. कारागीर आकडे बोलतो आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेली, कानाला पेन्सिल लावलेली बाई ते लिहून घेते. एकदा त्याचा आवाज अडखळतो, तर ती बाई म्हणते, “ऐकू नाही आलं, परत सांगा.” आणि त्याला म्हाताऱ्याच्या छातीचं माप परत सांगावं लागतं.

मी या बाईला काढते. तिचं काही चुकत नाही. तिचं कामच ते आहे. पण तिथे दोघंच हवे होते. आकडे कारागिरानं मनात ठेवले असते; इतकी वर्षं ठेवलेच होते.

काही लोक शेजारी बसून कानात सिनेमा समजावून सांगतात, तसं तुझ्याकडे कोणी करत नसेल अशी आशा आहे.

२८ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. थिएटरवाल्यांना विचारते. कदाचित आमच्याकडे वेगळी कॉपी आली असेल.

३ मार्च

वहिनी,

थिएटरवाल्यांना विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नाही.

तुझं कार्ड टेबलावर आहे. ‘कानाला पेन्सिल लावलेली बाई थिएटरातल्या कॉपीत नाही. तो प्रसंगच नाही. सिनेमा लांबतो म्हणून कापलाय. डॉक्टरांनी पूर्ण कॉपी मिळवली आणि ती एकदाच दाखवली, रविवारी, इथे. तू कुठे पाहिलीस?’

तिथेच पाहिली.

मी तीन वर्षांपूर्वीच्या सिनेमातल्या वेटरचा सदरा सांगू शकते, आणि नसलेल्या बाईला काढून बसले. इथे गुरुवारी मी गेलेच नव्हते. म्हटलं, पाहिलेला सिनेमा पुन्हा कोण बघतं. बघायला हवा होता. इथल्या कॉपीत म्हातारा रस्ता ओलांडतच नाही, हे मला तुझ्याकडून कळावं लागलं.

आता सगळंच सांगते, म्हणजे तुला विचारावं लागणार नाही.

शिकवायचीच गाडी घेऊन आले. टपावरची पाटी काढून डिकीत टाकली. दवाखान्यासमोर न लावता पुढच्या गल्लीत लावली. दिवे जाईपर्यंत जिन्यात उभी राहिले आणि मग आत येऊन खांबामागच्या खुर्चीत बसले. तू दुसऱ्या रांगेत होतीस. तू केस कापलेस, हे मला पत्रातून कळलं नव्हतं. पाठमोरं कळलं. आधी वाटलं, ही तू नव्हेस. मग तू मान खाजवलीस.

तुझ्या डाव्या बाजूला ती. मला वाटलं होतं उंच असेल. लहानखुरी आहे. पूर्ण सिनेमाभर ती तुझ्याशी एक शब्द बोलली नाही, कानात काही सांगितलं नाही. मी वाट बघत होते. बोलली असती तर परत येताना मला बरं वाटलं असतं.

मापांचा प्रसंग चालू असताना तू डोळे पुसलेस आणि तिनं तुझ्याकडे बघितलंही नाही. मी बघितलं असतं. आणि मग तू, “काय बघतेस, पुढे बघ,” म्हणाली असतीस.

शेवटी दिवे लागले. मी खुर्चीखाली वाकून काहीतरी शोधायला लागले, तेवढंच सुचलं. शेजारचे सद्गृहस्थही वाकले.

“काय पडलं?”

“कानातलं.”

त्यांनी माझ्या दोन्ही कानांकडे बघितलं. दोन्ही जागेवर होती. तरी बिचारे शोधत राहिले.

आम्ही दोघं खुर्चीखाली असताना तुझा आवाज ऐकला. तू तिला विचारलंस, “बोला. कोणाला काढायचं?”

रस्ता ओलांडेपर्यंतही थांबली नाहीस.

ती म्हणाली, “कोणालाच नको.” तू हसलीस. “असं चालत नाही, एक तरी काढावाच लागतो.” आणि मला त्या क्षणी, शेजारच्या सद्गृहस्थांचं टक्कल दिसत असताना, ती बाई माझ्यापेक्षा चांगली आहे असं वाटलं. कोणालाच नको. मला इतक्या वर्षांत हे उत्तर सुचलं नाही. तिचा राग मला तेव्हापर्यंत येत होता तो साधा होता. तिथून पुढचा निराळा आहे.

समोर का आले नाही, हे तू विचारशील. हाक मारली असती तर तू “अगं!” म्हणाली असतीस. मग मला पुढे नेलं असतंस आणि तिला सांगितलं असतंस, ही माझी अमुक. ते अमुक काय असेल ते मला ऐकायचं नव्हतं. नणंद म्हणालीस तर खोटं. होती म्हणालीस तर खरं. पत्रवाल्या बाई ती आधीच म्हणते.

गाडी काढताना पाटी लावायची विसरले. दुसऱ्या दिवशी निवृत्त हेडमास्तर शिकायला आले. पाटी नसेल तर गाडीत बसणार नाही म्हणाले. लोकांना कळायला हवं ना की मी शिकाऊ आहे, नाहीतर हॉर्न मारतात. त्यांचं बरोबर आहे.

मला हे पत्र फाडायचं आहे, म्हणून आत्ताच पेटीत टाकून येते.

२५ मार्च

वहिनी,

अजून तरी माझ्याकडे हाच शब्द आहे, म्हणून तोच लिहिते.

‘येतेस तर समोरून ये. रविवारी तीन वाजता. पुढची रांग.’ एवढं लिहिलंस, बाकी पान कोरं. रागावलीस की नाही, तेही नाही लिहिलंस. हेडमास्तरांना विचारलं, तीन वाजता पोहोचायचं तर कधी निघावं. म्हणाले, आदल्या दिवशी. त्यांच्या वेगानं बरोबरच आहे.

काल सगळं तुझ्या देखत झालं, तरी लिहिते. नियम नियम आहे.

सिनेमा आधी. बर्फातली तपासणी चौकी आणि तिथले दोन शिपाई, ज्यांच्या रस्त्यानं कोणी येतच नाही. दिसायला सुंदर, ऐकायला त्याहून. इतकी शांतता टिकवायला छाती लागते. पण शेवटी एक ट्रक येतो, ते मला मान्य नाही. कोणी यायला नको होतं. त्या दोघांची वाट बघणं हीच गोष्ट होती; ट्रक आल्यावर ते दोन साधे नोकर उरतात.

हे मी दिवे लागल्यावर तिला म्हटलं. म्हणायचं नव्हतं. तू चहा आणायला उठलीस आणि आम्ही दोघी उरलो, आणि तिनं विचारलं, “कसा वाटला?” ती हळू बोलते. तिच्यासमोर सगळे आ करून बसतात, तिला उत्तराची सवय नसेल असं मला वाटलं होतं. चूक. ती म्हणाली, “ट्रक नसता तर मी पैसे परत मागितले असते.”

“तुमचाच हॉल. कोणाकडे मागणार?”

“तुमच्याकडे. तुम्ही ट्रक काढलात.”

“ट्रक माणूस नाही. खेळात फक्त माणूस काढतात.”

“मग ड्रायव्हर काढा,” ती म्हणाली. “ट्रक आपोआप थांबेल.”

“ड्रायव्हर काढला की ट्रक थांबत नाही. उतारावर असेल तर आणखी जोरात जातो. मी शिकवते, मला विचारा.”

ती मोठ्यानं हसली. वहिनी, चांगलं हसते. मला ते मान्य करताना त्रास होतोय, म्हणून एकदाच लिहिते. मग ती म्हणाली वाट बघण्याला शेवट नसेल तर ते वाट बघणं नव्हे, ती सवय. आणि मी म्हटलं, तुम्हाला कोणी बराच वेळ थांबवलेलं दिसत नाही. आणि ती म्हणाली, माझ्या दवाखान्यात सगळे थांबतात, मी त्यांचे चेहरे बघते. मला उत्तर सापडत होतं, तेवढ्यात तू तीन कप घेऊन उभी दिसलीस. किती वेळ उभी होतीस?

“मला कोणी विचारणार आहे की नाही?” तू म्हणालीस.

तुझा चेहरा बघितला. तो चेहरा मी ओळखते. जानेवारीपासून मी रोज आरशात बघते. तू एक कप तिला दिलास, एक मला, आणि तुझ्या कपात साखर घालायची विसरलीस. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, “साखर.” मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. तुला दीड चमचा लागते हे तिलाही माहीत आहे.

मला आनंद झाला होता, तुझा चेहरा बघून. चांगल्या माणसाला होऊ नये असा आनंद. परतीच्या रस्त्यावर तो बराच वेळ टिकला.

दादा जागाच होता. “कुठे गेली होतीस?”

“सिनेमाला.”

“एवढ्या लांब?”

“इथे लागला नव्हता.”

त्यानं पेपर घडी केला. “कशी आहे?”

“केस कापलेत.”

“बरी दिसत असेल,” म्हणाला आणि वर गेला. नात्याचं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला काल माझ्याजवळ उत्तर होतं, आणि त्यावरूनच मला तुझ्याशी भांडायचं आहे.

मी जिना चढून आले तेव्हा तू दारात होतीस. ती तुझ्या मागे. मी घाबरले होते, हे तुला दिसलं असेल. तू माझा दंड धरलास, आणि तिला म्हणालीस, “ही माझी मैत्रीण.”

नणंद नाही. होती नाही. पत्रवाली नाही. नणंद मी आयती आले होते, दादाबरोबर, फर्निचरसारखी. हा शब्द तू स्वतः निवडलास. खुर्चीत बसेपर्यंत मला त्यात काही दोष सापडला नाही.

पण वहिनी, त्याच श्वासात तू मला म्हणालीस, “आणि ह्या डॉक्टर. माझ्या मैत्रीण.”

सबंध सिनेमा मी त्यावर विचार केला. बर्फ बघताना वेळ भरपूर मिळतो. एकच शब्द तू दोघींना वाटून दिलास, तुझ्याकडच्या मुलांना तू खाऊ वाटतेस तसा, कोणी रडू नये म्हणून. मी पाळणाघरातली नाही. मला चालणार नाही.

तिला तोच राहू दे. तिला शोभतो. माझ्यासाठी दुसरा शोध.